डांबर पांढरा होतो

१२ जानेवारी

वहिनी,

तू माझ्या धाकट्या भावाची बायको, वयानं माझ्याहून कितीतरी लहान. तेव्हा तुला वहिनी म्हणायचं खरं तर काही कारण नाही. पण पत्राच्या माथ्यावर तुझं नाव लिहिलं, तर मला तुझ्याबद्दल माया आहे असा तुझा गैरसमज होईल. म्हणून वहिनी.

फोटो मिळाला. माझा कुत्रा मागून फारच देखणा दिसतो. शेपटी मी लगेच ओळखली. नोव्हेंबरच्या फोटोत तो टेबलाखाली होता, डिसेंबरच्या फोटोत उशीत तोंड खुपसून पडला होता आणि आता तो भिंतीकडे बघत बसलाय. तुमच्या भिंतीवर एवढं बघण्यासारखं काय आहे, ते एकदा कळव. ऑगस्टमध्ये कमरेचं हाड मोडून मी या निवासात राहायला आले, तेव्हा डांबरची साखळी छोटूच्या हातात देताना एकच वाक्य बोलले होते: जसा देतेय तसा परत मिळाला पाहिजे. तुझा नवरा डेपोत टाइमकीपर असेल, डोक्याला कलप लावण्याइतका म्हातारा झाला असेल, माझ्यासाठी तो छोटूच. आणि छोटूला दिलेली एकही वस्तू आजवर धड परत आलेली नाही. पुढच्या फोटोत मला तोंड हवंय. कुत्र्याचं.

इथलं विचारशील तर (विचारणार नाहीस, तरी सांगते) सगळं उत्तम आहे. सकाळी कोमट पाणी, दुपारी कोमट सूप, संध्याकाळी कोमट माणसं. दारावर पाटी आहे, ‘पाळीव प्राणी आणि मोठ्या आवाजातला रेडिओ आणू नये.’ शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत, पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांच्या हातांवर आणि ओठांभोवती पांढरे डाग आहेत. जेवताना त्यांनी वाढायचा डाव खाली ठेवला की पुढची बाई तो रुमालानं धरते. मी व्यवस्थापकांकडे खोली बदलून मागितली. बाई फार घोरतात, असं कारण दिलं. खोली शिल्लक नाही म्हणाले.

आणि फोन करा म्हणू नकोस. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेली, आता रिसीव्हर कानाला लावायची इच्छा नाही. तिथे एक मात्र शिकले. माणूस खोटं बोलणार असला की आधी हवापाण्याचं बोलतो.

छोटूची बहीण


२० जानेवारी

ती. वन्सं,

इकडे हवा छान आहे.

(हे वाक्य मी तुमचं पत्र पुन्हा वाचायच्या आधी लिहिलं. आता खोडलं तर तुम्ही कागद उजेडात धरून वाचाल, म्हणून राहू देते.)

ननंदेचं पत्र येणं म्हणजे शाळातपासणीसाठी साहेब येण्यासारखं असतं. लगेच फळा पुसायची धावपळ. डांबर मजेत आहे. खातो, पितो, पोस्टमनवर भुंकतो. फोटोचं म्हणाल तर तुमच्या भावाला फोटो काढता येत नाही, हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे. त्यांनी काढलेल्या माझ्या एकाही फोटोत मला डोकं नाही. त्या मानानं डांबरला शेपटी तरी मिळाली.

लाँड्रीत सध्या मान वर करायला फुरसत नाही. थंडीचे कोट आलेत, आणि प्रत्येक कोटावर कॉफीचा डाग, आणि प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं की डाग आधी नव्हता. दिवसभर लोकांचे डाग काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं. दोन्ही कामं सारखीच नाजूक.

हो, डांबरच्या नाकावर जरासं पांढरं आलंय. तांदळाच्या दाण्याएवढं. वय झालं की येतं म्हणे. काळजी करू नका.

तुमची आज्ञाधारक (दुसरा इलाज नाही म्हणून)
वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

वय झालं की येतं? डांबर सहा वर्षांचा आहे. एक्स्चेंजच्या जनरेटरमागे सापडला तेव्हा एवढासा होता आणि इतका काळा, की जनरेटरच्या सावलीत फक्त त्याची जीभ दिसली. सहाव्या वर्षी म्हातारं व्हायला तो काय तुझ्या नवऱ्याच्या डेपोत नोकरी करतो?

‘काळजी करू नका’ हे शब्द मी नोकरीत हजारो वेळा ऐकलेत. त्यानंतर पलीकडचा माणूस रडायला लागायचा.

तेव्हा मीच येते. गाण्याच्या बाईंचा पुतण्या पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी तुमच्या गावी गाडी घेऊन जाणार आहे. मला मागच्या सीटवर बसवून नेईल आणि संध्याकाळी परत आणेल. ज्यांच्या खोलीतून मला बाहेर पडायचं आहे त्यांच्याच पुतण्याच्या गाडीत बसायला मला लाज वाटत नाही. एक दुपार, फक्त कुत्र्यासाठी. चहा करू नकोस. केलासच तर साखर कमी.


५ फेब्रुवारी

ती. वन्सं,

तुम्ही येणार हे वाचून डोळे भरून आले. पण नेमकं त्या आठवड्यात घरात रंगकाम काढलंय. सगळीकडे वास, शिड्या, बादल्या. तुमच्या कमरेला ते सोसायचं नाही. शिवाय नळाचा पाइप फुटलाय. शिवाय ह्यांचे एक लांबचे मित्र मुक्कामाला यायचेत, त्यांना खोकला आहे आणि तो दुसऱ्याला लागणारा असावा. उन्हाळ्यात निवांत आलात तर?

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

रंगाचा वास मला आवडतो. पाणी मी इथून आणीन. खोकल्याला सांग, बाजूला उभा राहा.

येतेय.


१८ फेब्रुवारी

वहिनी,

चहा चांगला होता. एक खरं वाक्य लिहून झालं, आता बाकीचं.

तुमच्या घरात कुठेही रंगकाम चाललेलं नव्हतं. म्हणजे भिंतींचं तरी नव्हतं.

कुत्रा आला, शेपटी हलवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. थोडा वेळ मी जगातली सगळ्यात सुखी म्हातारी होते. मग मला वास आला. तो वास मी ओळखते, महिन्यातून एकदा छोटूच्या डोक्याला येतो. म्हटलं, छोटू शेजारी उभा आहे, त्याचाच असेल. छोटू मात्र माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता. तुमच्या घरात सगळ्यांनाच भिंती-खिडक्या बघायचा नाद लागलाय. परतीच्या वाटेवर गाडीत रुमाल काढला. त्याच रुमालानं मी कुत्र्याची लाळ पुसली होती. पांढऱ्या रुमालावर काळे डाग. शालीवर काळे डाग. माझ्या बोटांवर काळे डाग.

मी म्हातारी आहे, खुळी नाही. माझा डांबर गेला. कधी गेला आणि कशानं गेला ते तुम्हाला माहीत. तुम्ही कुठून तरी एक पांढरा कुत्रा पकडून आणलात, त्याला कलप लावलात आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलंत. त्यानं मला ओळखलं असं वाटलं खरं. पण हातात बिस्किट असलं की कुठलाही कुत्रा कुणालाही ओळखतो. माणसं तर बिस्किट नसतानाही ओळख दाखवतात, दारातून पाहुणा बाहेर पडेपर्यंत.

ओरडणार नाही, भांडणार नाही. एवढंच सांग, त्याला कुठे पुरलंत?


२४ फेब्रुवारी

वन्सं,

आज वर ‘ती.’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम.

मला एक सांगा. जिला मेलेला काळा कुत्रा लपवायचा आहे, ती बाई त्याच्या जागी पांढरा कुत्रा आणून रंगवत कशाला बसेल? गावात काळी कुत्री संपली आहेत का? तुमचा भाऊ साधा आहे हे मान्य, पण मी लाँड्री चालवते. काळ्या पॅन्टच्या जागी गिऱ्हाइकाला पांढरी पॅन्ट रंगवून दिली असती, तर आजवर दुकान चाललं असतं?

डांबर जिवंत आहे. तो तुमचाच आहे. आणि आत्ता तो प्राण्यांच्या दवाखान्यात आहे. आता नीट वाचा.

ऑक्टोबरात त्याच्या नाकावर पांढरा ठिपका दिसला. डाग दिसला की माझा हात आपोआप बोळ्याकडे जातो. चुना लागला असेल म्हणून पुसला. गेला नाही. मग डोळ्यांभोवती चष्म्यासारखी वर्तुळं आली, मग ओठ, मग अर्धं कपाळ. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा कण काढून तपासायला पाठवला. म्हणाल्या, माणसांना कोड येतं तसंच कुत्र्यांना येतं, मांजरांना येतं, घोड्यांनाही येतं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या काम सोडून निघून जातात. जन्मतःच रंग नसतो ते प्राणी निराळे, त्यांचे डोळेही फिके असतात. याचा रंग होता आणि गेला. दुखत नाही, खाजत नाही, दुसऱ्याला लागत नाही. फक्त नाकाला कडक ऊन लागू द्यायचं नाही. “कुत्र्याला याचं काहीही वाटत नसतं,” त्या म्हणाल्या, “त्रास होतो तो मालकाला.”

झाला ना. मालकाच्या भावाला तर फारच झाला.

मी म्हटलं, वन्संना कळवून टाकू. हे म्हणाले, “ताई म्हणेल, आपण त्याला उपाशी ठेवलं. नाही तर म्हणेल, माझ्या आठवणीनं पांढरा झाला. दोन्हीतलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.” तुम्ही ‘जसा देतेय तसा’ म्हणाला होतात. हा माणूस ते वाक्य धरून बसला. फोटोंची युक्ती त्यांची. पाठमोरा, टेबलाखाली, उशीत. रंगकामाची आणि खोकल्याची युक्ती माझी, ती मी कबूल करते.

तुम्ही आलात त्या सकाळी मी दुकानात होते. घरी येऊन बघते तर न्हाणीघरात हे गुडघ्यांवर बसलेले, हातात कलपाचा ब्रश, आणि डांबर घमेल्यात उभा. लोक घराण्याच्या तोंडाला काळं फासतात, तुमच्या भावानं कुत्र्याच्या फासलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

तुम्ही गेलात आणि अंधार पडायच्या आत डांबरचं तोंड सुजलं. पापण्या मिटल्या त्या उघडेनात. पंजानं तोंड खरवडायला लागला. माणसांच्या कलपातलं औषध कुत्र्यांच्या कातडीला सोसत नाही, आणि ते डोळ्यातही गेलं होतं. डाव्या बुबुळाला जखम आहे. डोळा राहील की जाईल, ते डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत. हे दवाखान्याच्या बाकावर बसून आहेत. मी डबा नेते, तो तसाच परत येतो.

कुठे पुरलंत म्हणून विचारलंत. आता येऊन बघा कुणाला पुरायचं ते. मला वाटतं ह्यांनी स्वतःसाठी जागा बघून ठेवली आहे.

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं तशी मी निवासाच्या कचेरीत गेले आणि फोन मागितला. कारकून म्हणाला, “आजी, तुम्ही तर फोनला हात लावत नाही ना?” मी म्हटलं, “बाजूला हो.” तू दवाखान्याचा नंबर दिला नव्हतास, पण एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला नंबर मिळतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरतेय, डाव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही. मी विचारलं, त्याच्या कानाशी रिसीव्हर धराल का? त्यांनी धरला. मी काय बोलले ते कारकुनानं ऐकलंय, आणखी कुणी ऐकायची गरज नाही.

छोटूला सांग, घरी जा आणि जेव. सांगताना माझ्या आवाजात सांग, म्हणजे ऐकेल.

पण मला ऑक्टोबरातच कळवायला हवं होतंस. कुत्रा पांढरा झाला म्हणून मी असं काय केलं असतं?

हा प्रश्न लिहिता लिहिता मी मोठ्यानं बोलले असणार. कारण शेजारच्या खाटेवरून गाण्याच्या बाई म्हणाल्या, “खोली बदलून मागितली असतीत.”

वहिनी, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घोरण्याचं कारणसुद्धा. माहीत असून त्यांनी पुतण्याला सांगून मला गाडीत बसवलं, माझ्या पाठीला टेकायला स्वतःची उशी दिली. मग काय करावं ते न सुचून मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. कलपाच्या ठिकाणी त्या हसल्या. म्हणाल्या, “मी शाळेत होते तेव्हा आलं मला. समारंभात गायला उभी राहायचे त्या सकाळी आई असंच काहीतरी फासायची माझ्या तोंडाला. दुसऱ्या कडव्यापर्यंत घामानं उतरायचं. लोक गाणं सोडून ते बघायचे. तिसऱ्या वर्षी मी आईला सांगितलं, आता तसंच जाते, निदान गाणं तरी ऐकतील.” मी विचारलं, ऐकलं का? म्हणाल्या, “नाही. पण चेहरा चुरचुरायचा थांबला.”

तुझ्या लाँड्रीत माझ्यासारख्यांना धुऊन मिळतं का, तेही कळव.

वन्सं


९ मार्च

ती. वन्सं,

डोळा राहिला. बुबुळावर धुरकट खूण राहील, पण दिसतं. डोळ्यासमोर बिस्किट हलवून आम्ही खात्री केली आणि त्यानं ह्यांच्या बोटासकट खात्री करून दिली.

काल घरी आणला. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं आहे, त्यामुळे प्रत्येक दाराला ठोकत फिरतो. औषध लावायला तोंडावरचे केस कापले होते, ते आता येतायत ते सगळे पांढरे. ह्यांनी कलपाची डबी कचऱ्यात टाकली आणि कलपाचे केस मुळापर्यंत कापून आले. डेपोतल्या पोरांना वाटलं, साहेबांच्या घरी काहीतरी वाईट घडलं. आता घरात दोन पांढरी डोकी आहेत आणि दोन्ही सोफ्यावर.

तुम्ही विचारलंत, ऑक्टोबरात का नाही कळवलं. ह्यांचं कारण सांगितलं, माझं सांगितलं नव्हतं. वन्सं, तुमची पत्रं कुत्र्यासाठी येतात. लग्न होऊन मी या घरात आले त्याला इतकी वर्षं झाली, तुमचं पहिलं पत्र मला मिळालं ते डांबर आमच्याकडे आल्यावर. तुम्ही टोमणे मारता, पण चार पानं भरून मारता. ह्यांना ती मी वाचून दाखवते, हे मधेच म्हणतात, “पुन्हा वाच ते.” कुत्रा बिघडला असं कळलं असतं तर तुम्ही त्याला आमच्याकडून काढून घेतलं असतंत. मग आम्हाला कोण कशाला लिहील? तांदळाएवढा डाग होता तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं नाही, आणि डाग काही थांबून राहिला नाही.

आणखी एक. लाँड्रीच्या मागे एक खोली आहे. तळमजला, एकही पायरी नाही, खिडकी बागेकडे. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांनी भरली होती. मी ती रिकामी केली. खरं तर ऑगस्टमध्येच करणार होते. पण तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं, तुम्हाला आमच्यात राहायचं नाही. ही विनंती नाही हं. नुसती माहिती.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

माहिती मिळाली. ऑगस्टपासून वाट बघत होते.

मी इस्पितळात होते तेव्हा तू सफरचंदं घेऊन आलीस. कितीतरी वेळ बसलीस. सफरचंदं सोललीस, चिरलीस, बियासुद्धा काढल्यास, आणि खोलीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी मनात म्हटलं, कुत्र्याला जागा आहे, मला नाही. तू गेल्यावर नर्सकडून निवासाचा अर्ज मागवला. आता तू लिहितेस की मी विचारीन म्हणून तू थांबली होतीस. आणि मी, कुणीतरी विचारेल म्हणून थांबले होते. दोन्हीकडे रिसीव्हर उचललेला, आणि दोघींना वाटतंय समोरची लाइन बिझी आहे. असले घोटाळे निस्तरण्याचा मला पगार मिळायचा, आणि घरच्या लाइनीवर मात्र हे असं.

उन्हाळ्यापुरती येते. गैरसमज नको, तुमच्यासाठी नाही. कुत्र्याच्या नाकाला ऊन लागू द्यायचं नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना? तू दुकानात, छोटू डेपोत. त्याला सावलीत बसवायला कुणीतरी रिकामटेकडं माणूस पाहिजे. माझ्याइतकं रिकामं तुम्हाला दुसरं मिळणार नाही.

छोटूला स्टेशनवर पाठव. त्याला मी काही बोलणार नाही, असं त्याला सांग. खरं असेलच असं नाही.

वन्सं


२ जुलै

ती. वन्सं,

घर फार शांत झालंय. चहात साखर जास्त आहे असं म्हणणारं कुणी नाही. लाँड्रीत माझ्या मागे उभं राहून “त्या कॉलरवर अजून आहे, त्या कॉलरवर अजून आहे,” असं म्हणणारंही कुणी नाही. गिऱ्हाइकं विचारतात, त्या दटावणाऱ्या बाई कुठे गेल्या? म्हणजे तुम्ही दटावलेली गिऱ्हाइकं परत आली. मला हे जमलं नव्हतं.

मी या वेळी पत्रात नाही, तोंडानं विचारलं होतं, कायमच्या राहा म्हणून. तुम्ही “बघू” म्हणालात. मला वाटलं, बघताय. आणि चार दिवसांत बॅग भरलीत. हे स्टेशनवरून आले ते सरळ बागेत जाऊन बसले. मी सगळं आठवून बघतेय. उशीच्या अभ्र्यावरून भांडलो ते? रेडिओवरून? मी तुम्हाला तुमच्यासारखंच फाडकन उत्तर दिलं ते?

डांबरला न्याल असं काही मला वाटलं नव्हतं, निवासाच्या दारावर पाटी आहेच. पण त्याची साखळी तुम्ही जाताना आमच्या दाराच्या खुंटीला अडकवून गेलात. उन्हाळाभर ती तुमच्याच बॅगेत असायची. विसरलात, की ठेवलीत?

वहिनी


९ जुलै

वहिनी,

ठेवली.

आणि तू काहीही चुकली नाहीस. फाडकन उत्तर दिलंस ते तर मला इतकं आवडलं की मी इथे येऊन दोघींना सांगितलं. उशीचा अभ्रा मात्र तुझीच चूक आहे.

मी का आले ते सांगते, जमेल तसं. इथे असताना रोज मनात यायचं, की आपल्याला इथे टाकलंय. तुमच्या त्या खोलीत बागेकडे तोंड करून झोपले आणि ते जे मनात रुतून बसलं होतं ते गेलं. आता मी इथे टाकलेली नाही, मी इथे राहते. फरक तुला हास्यास्पद वाटेल, सूप तेवढंच कोमट आहे. पण तुमच्याकडे येऊन जायची खोली आहे हे माहीत असलेल्या बाईला ते चालतं. शिवाय गाण्याच्या बाई. मी नव्हते तेव्हा त्या खिडकीजवळच्या टेबलावर एकट्या जेवायच्या, एक दिवस नाही, सगळा उन्हाळा. परत आले त्या दुपारी मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या हातून डाव घेतला. आता आम्ही तिघी असतो त्या टेबलावर. तिसरी नुसतीच बातम्यांसाठी येते, पण येते.

साखळीचं. जायच्या आदल्या आठवड्यात मी डांबरला घेऊन फाटकात उभी होते. ऊन उतरलं होतं. समोरून छोटू येताना दिसला. डांबरनं असा हिसका दिला की साखळी माझ्या हातातून निसटली. अर्ध्या रस्त्यात थांबून त्यानं माझ्याकडे वळून बघितलं, त्या धुरकट डोळ्यानं. परवानगी मागतोय असं मला वाटलं. कुत्री परवानगी मागत नाहीत, हे मला माहीत आहे, पण वाटलं. मग तो धावला. आणि तुझ्या नवऱ्यानं भर रस्त्यात खाली बसून त्याला मिठी मारली, सायकलवाला ओरडला तरी उठला नाही. दोघंही पांढरेधोप. मला वाईट वाटलं का? वाटलं. तू पुढे विचारशील म्हणून आधीच सांगितलं. त्या रात्री मी ठरवलं आणि निघाले त्या सकाळी साखळी खुंटीला लावली. डांबर तुमचा. पांढऱ्यावर काळं करून देतेय, म्हणजे उद्या मी शब्द फिरवला तर दाखवता येईल.

त्यामुळे अडचण अशी झाली आहे, की आता मला तुम्हाला पत्र लिहायला काही कारणच उरलेलं नाही. कुत्रा माझा नाही, फोटो मागायचा हक्क नाही, तपासणीला येणारा साहेब निवृत्त झाला. तरी मी इथे बसून दुसरा कागद घेतलाय, आणि खिडकीशी गाण्याच्या बाई विचारतायत, एवढं काय लिहिता?

तर डांबरचं काही लिहू नकोस. छोटूचंही नको, तो बरा असणार, तू आहेस तोवर तो बराच असतो.

तू कशी आहेस?